पापुद्र्याखालचं पान

"बाबा, माझ्या हातात छिन्नी द्यायला तुम्ही घाबरता का?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, अशी पैज लागली होती, आणि पैजेपासून मागे हटेल ती ठिणगी कसली. हे नाव बाबांच्या दगडकामाच्या कारखान्यातल्या मिस्त्रीकाकांनी ठेवलेलं. छिन्नीवरून उडते तशी ही पोरगी कुठेही उडते, म्हणून. आता सगळा कारखाना हातोड्या थांबवून बापलेकीकडे बघत होता. बाबांनी भुवयांवरची धूळ झटकली आणि शांतपणे सांगितलं, सुट्टी संपायच्या आत दगडात एक निर्दोष पान कोरून दाखव. जमलं तर इथेच शिक. नाही जमलं तर मावशीकडे राहून कॉलेज करायचं, आणि पुन्हा दगडाचं नाव काढायचं नाही.

ठिणगीला आभाळ ठेंगणं झालं.

मिस्त्रीकाकांनी आधी तिला आवारातले दगड ओळखायला लावले. शाळेच्या पुस्तकात सगळ्यांना मिळून एकच नाव, वालुकाश्म. इथे मात्र जितके रंग तितके स्वभाव. लाल दगड लोखंड प्यायलेला, खांब आणि कमानी पेलणारा. पांढऱ्याचा रवा साखरेसारखा बारीक, नाजूक जाळी निघावी तर त्यातच. हिरवटात माती फार, त्यात कोरलेल्या मूर्तीचं नाक दोन पावसाळे टिकलं तर नशीब. आणि पिवळा म्हणजे नुसते थरांवर थर.

"हा खाणीत जसा निजला होता, तसाच भिंतीत निजवायचा," काका म्हणाले. "आणि कोरायचं थरांच्या कडेवर. तोंडावर कोरलंस तर बटाट्यासारखी सालं निघतील."

ठिणगीने मान जोरात हलवली, ऐकलं मात्र अर्धंच. पिवळ्या दगडाच्या सपाट तोंडावर ऊन असं काही सांडलं होतं, की तिने नेमकं तिथेच पान आखलं.

काय दिवस होते ते. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. केसांत भुगा, हाताला फोड, आणि डोळे मिटले तरी समोर पानच. मग एका दुपारी, पान निम्मं उतरलेलं असताना, छिन्नीखाली खणखणीत आवाजाऐवजी भद्द वाजलं. अख्खा पापुद्रा सुटून तिच्या मांडीवर आला, निम्म्या पानासकट.

तिला रडूच कोसळणार होतं. पण तिने दगडाकडे पाहिलं आणि ती रडायचं विसरली.

खाली पान होतं. पूर्ण.

शिरा तिच्याच मनातल्या. टोकाला जी मुरड ती उद्या घालणार होती, कुणालाही न सांगितलेली, तीही होती. रेघांमध्ये ताजा भुगा साचला होता. तिने फुंकर मारली तसा तो उडाला. छिन्नीच्या खुणा सगळ्या डावखुऱ्या हाताच्या, आणि कारखान्यात डावखुरी ती एकटीच.

दुसरी कुणी असती तर पळत सुटली असती. ठिणगीने मात्र चपटी छिन्नी फटीत घातली आणि दुसरा पापुद्रा उचलला.

पानाला देठ फुटला होता, शेजारी कळी. देठाजवळ जरा जास्त खोल जायची तिची खोड, तीही तिथे होती.

तिसऱ्याखाली फूल. पाकळ्या इतक्या पातळ, की बाबांनाही साधल्या नसत्या.

मिस्त्रीकाका मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी हे कुणाचं काम म्हणून विचारलं.

"माझंच," ती म्हणाली. "म्हणजे, अजून केलेलं नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी बाबांना हाक मारली. बाबा आले, मागून हात पुसत आई आली. बाबांनी एकदाच वाकून पाहिलं.

"पुढचा थर उचलू नकोस," ते म्हणाले.

तो उचलून झाला होता.

तेच फूल, पण खुणा उलट्या बाजूला, उजव्या हाताने केल्यासारख्या कललेल्या. रेघा अडखळत गेलेल्या, नुकतंच अक्षर गिरवायला लागलेल्या पोराच्या असतात तशा. देठाजवळची खोड मात्र तिचीच.

त्याच्याखाली आणखी एक. खुणा तशाच उलट्या, पण आता सफाईदार. डावखुरी रेघ एकही नाही.

आई पुढे आली आणि तिने लेकीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. हे कौतुकच, असं समजून ठिणगीने तो हात तसाच राहू दिला. तिचे डोळे दगडावरून हलत नव्हते.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि आनंदाने तिचा आवाज चिरकला. "मी मावशीकडे जाणार नाही. पान जमणार आहे, बघताय ना? मी इथेच शिकणार. आणि उद्यापासून उजव्या हाताने सराव सुरू करते. पुढे तोच लागणार आहे."