सुखवंताचा अंगठा

"...आणि माझ्या वडिलांनी, जीवनलालजींनी, बेचाळीसच्या ऑगस्टात धानाच्या पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंड्यांत पत्रकं लपवली, रोवण्याच्या ओळीत शिरून ती पार बोदलकशापर्यंतच्या गावांत पोचवली..."

लोकेंद्र आरशापुढे भाषणाचा सराव करत होता, आणि पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या पंच्याण्णव वर्षांच्या सुखवंताआत्यानं सूप बाजूला सारलं. तासाभरात चौकातल्या जीवनलालजींच्या स्मारकाचं अनावरण होतं. गावाच्या लढ्याचा मान भावाला मिळाला याचं तिला कधीच वाईट वाटलं नव्हतं... पण तिचं कामही त्यानं आपलं म्हणून सांगावं, मुलालाही तेच शिकवून जावं?

बारा वर्षांची होती ती. पत्रकं पोचवताना पकडली गेली तेव्हा शिपायानं बुटाखाली तिचा अंगठा चिरडला, तरी भावाचं नाव तिच्या ओठांवर आलं नाही. घरी आल्यावर तोच भाऊ म्हणाला होता, "मुसळाखाली सापडला म्हण, सुखी. ठाण्यात गेलेल्या पोरीले कोण करन?" तिनं जन्मभर तसंच म्हटलं... आणि लग्न तरी कुठं झालं! वाकड्या अंगठ्यानं रोवणा न जमणारी सून कुणाला हवी होती?

"पण बाबा," लोकेंद्रची मुलगी रिंकी चहा ठेवत म्हणाली, "आजोबा रोवण्यात कसे गेले? माणसं पऱ्हे उपटतात, चिखलाच्या बांधीत टाकतात. रोवतात तर बायाच. ओळीत माणूस दिसला असता तर शिपायाले कळलं नसतं काय?"

पेंडी सोडणारा हात बाईचाच, हे लोकेंद्रलाही ठाऊक होतं. त्याची नजर हळूहळू आत्याच्या वाकड्या अंगठ्यावर आली.

"आत्या... तू होतीस? सांगितलं नाहीस काऊन?"

"तुया बापानं सांगाले पाह्यजे होतं." ती म्हणाली. "साठ वरसं एका घरात राह्यलो. चौकात नको, घरात तरी एकदा म्हणाला असता, सुखी, तुयामुळं वाचलो... मी कायले काही मागतलं असतं?"

लोकेंद्र तिच्यापुढे खाली बसला. तिचा अंगठा त्यानं कपाळाला लावला आणि ढसाढसा रडला.

"बाबांच्या वतीनं मी म्हणतो, आत्या. माइकवर म्हणतो. काय सांगू?"

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"जास्त काही नको सांगू," ती म्हणाली. "एवढंच सांग... मुसळ नव्हतं."