साफ कोपऱ्यातली जलपर्णी

"तूच टाकलीस! काल रात्री येऊन तूच टाकलीस ही घाण!"

भोंग्याचा आवाज तळ्याच्या पार पलीकडच्या काठावर ऐकू जात होता. मासेमारांचा हा पुढारी, त्याला भोंगा उगाच नव्हते म्हणत.

"जीभ हासडीन!" टोपलीवाली काकू पदर खोचून उभी. "मी जलपर्णी कापते रे, पेरत नाही!"

भाऊजी गाडीला कुलूप लावेपर्यंत वहिनी दोघांच्या मध्ये जाऊन उभ्यासुद्धा राहिल्या. वहिनी खाजगी तपास करायच्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी झकास चालवायचे, डोकं मात्र वहिनींच्या मागून, सावकाश. काकूनंच दोघांना फोन करून बोलावलं होतं.

भांडण सरळ होतं. सगळं तळं जलपर्णीनं झाकलेलं. मासेमारांनी दोन महिन्यांपूर्वी राबराब राबून एक कोपरा साफ केला, दोराला रिकामे डबे बांधून कुंपण घातलं. आज सकाळी बघतात तर कुंपणाच्या आत हिरवा पट्टा तरंगतोय! संध्याकाळी गावाची बैठक होती. दोष काकूवर आला तर तिची जलपर्णीच्या टोपल्या विणायची शेड बंद आणि सगळ्या तळ्यावर विषारी फवारा. शेडमधल्या बायकांची चूल त्या टोपल्यांवरच पेटायची.

"दोर तुटलाय का?" वहिनींनी विचारलं.

"नाही. डब्यांवरचं शेवाळसुद्धा हललं नाही. म्हणजे कुणीतरी आणूनच टाकली ना!" भोंगा.

वहिनींनी वाकून एक रोप उचललं. बुटकं. देठ फुगलेले, लिंबाएवढे. मुळांत निळ्या जाळीची चिंधी अडकलेली, मच्छरदाणीसारखी बारीक. वहिनींनी ती खिशात टाकली.

"काकू, तुमचा माल दाखवा."

शेडमध्ये देठ वाळत टाकले होते, हातभर लांब आणि सडपातळ. "दाटीत वाढलेलं रोप उंच जातं, तेच विणता येतं," काकू म्हणाली. "मोकळ्यावरचं ते फुगरं? त्याची टोपली काय, टोपीसुद्धा नाही होत."

"मग तुम्ही निर्दोषच!" भाऊजी खूश.

"भाऊजी, घाई कशाची? पेरणारा टोपलीचा विचार करूनच पेरेल असं कुठंय?"

तळ्यावर फवारा मारायचं काम ज्याला मिळणार होतं, तो फवारेवाला दुकानात पंप पुसत बसला होता. "मला काय गरज? बैठकीत भोंगाच माझी वकिली करणार. फुकट! आणि मला पोहता येत नाही, होडीत बसलो की ओकतो."

"हाच," भाऊजी बाहेर येऊन कुजबुजले. "दात बघितले का त्याचे?"

"दातांवरून पकडायला लागले तर आधी तुम्हीच आत जाल."

परत येईपर्यंत मासेमार पट्टा उपसायला लागले होते. रोपं धपाधप काठावर येत होती. भोंग्याचा धाकटा भाऊ, घुम्या, एकटाच हळू. प्रत्येक रोप पाण्यातच दोनदा झटकायचा, मगच फेकायचा. डब्यांवर बगळे ओळीनं बसलेले.

"अरे, आंघोळ घालतोस का त्यांना?" भोंगा ओरडला.

"तुमचं काम काय, भाऊ?" वहिनींनी घुम्याला विचारलं.

"बोटुकली बघतो. बोटाएवढी पिल्लं सोडतो, वाढवतो."

"इतके बगळे, आणि पाणी असं उघडं. उरतात का?"

"यंदा भरपूर उरली," तो पटकन म्हणाला आणि खाली बघायला लागला.

वहिनी हसल्या. "सगळ्यांना बोलवा. फवारेवाल्यालासुद्धा."

माणसं जमली. भाऊजींनी खिशातले दाणे काढले. असल्या वेळी त्यांना भूक लागायची.

"कुंपण शाबूत, म्हणजे बाहेरून काही वाहत आलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तळ्यातली रोपं उंच, ही बुटकी. म्हणजे ही मोकळ्या पाण्यात, इथंच वाढली. रातोरात नाही, काही आठवडे. कुठं? या कोपऱ्यात नजरेआड अशी एकच जागा, त्या काठच्या लव्हाळ्यामागं. काल वारा सुटला होता..."

"माझ्या गाडीवर फांदी पडली!" भाऊजी.

"तोच वारा. तिथं कुणीतरी जाळीच्या घेऱ्यात रोपं राखली होती, तो घेरा फाटला आणि रोपं पसरली." त्यांनी निळी चिंधी वर धरली. "एवढी बारीक जाळी पिल्लांसाठीच लागते. उघड्या पाण्यात बगळ्यांनी पिल्लं वेचून खाल्ली असती. उरली, म्हणजे कशाखाली तरी लपली. आणि उपसताना एकच माणूस मुळं झटकत होता, कारण मुळांत पिल्लं असतात हे त्यालाच माहीत होतं."

सगळ्या माना घुम्याकडे वळल्या.

"दादा," तो म्हणाला, "कोपरा साफ झाला आणि बगळ्यांनी चार दिवसांत पहिल्या पिल्लांचा फडशा पाडला, म्हणून पुढची या रोपांखाली वाढवली. तुला सांगितलं असतं तर तू... तू एक पान ठेवणार नाही म्हणून शपथ घेतलेलीस. काकूवर येईल असं नव्हतं वाटलं. काकू, चुकलो."

भोंगा होडीच्या काठावर मटकन बसला.

"आणि फवारा मारला तर पिल्लांचं काय?" काकूनं हळूच विचारलं.

"रोपं पाण्यात सडतील, पाण्यातला प्राणवायू संपेल," घुम्या म्हणाला. " पिल्लं गुदमरून मरतील, मोठे मासेपण."

मग भोंगा घसा खाकरून काकूकडे वळला. "तळ्याच्या मधली सगळी जलपर्णी तुझ्या बायका कापतील? आमच्या होड्या घ्या."

"कापतील. पण आधी माफी माग. सकाळी ओरडलास तेवढ्याच जोरात."

भोंग्यानं मागितली. बगळेसुद्धा उडाले.

"लव्हाळ्यामागं एक घेरा राहू दे," वहिनी म्हणाल्या. "या वेळी पक्क्या जाळीचा. बैठकीत हे कोण सांगणार? घुम्याभाऊ, तुम्हीच सांगा."

घुम्यानं चिंधी त्यांच्या हातातून घेतली, होडी पाण्यात ढकलली.

"सांगतो. पण संध्याकाळी. आत्ता मला निघायला हवं, पिल्लं उपाशी आहेत."