वाटी संपते, तरी उपाशी

उदूने लापशीची वाटी चाटूनपुसून संपवली होती. सकाळचीही आणि मधल्या वेळचीही. एक घास थुंकला नव्हता की तोंड फिरवलं नव्हतं. तरीही डॉक्टर मुकादमांनी त्याला काट्यावर ठेवलं, तेव्हा आकडा मागच्या खेपेपेक्षा खालीच आला.

“काटा चुकत असेल,” आई घाईघाईने म्हणाली. “पुन्हा ठेवून बघा ना.”

डॉक्टरांनी उदूला उचललं, काटा शून्यावर आणला आणि त्याला पुन्हा ठेवलं. तोच आकडा.

दाराशी वैजू उभी होती. वैजू अकरा वर्षांची. उदू तिचा धाकटा भाऊ, जेमतेम दहा महिन्यांचा. काट्यावर तो नुसता पडून होता. पूर्वीसारखे पाय झाडत नव्हता की डॉक्टरांच्या चष्म्याला हात घालत नव्हता.

हे सगळं घडत होतं चंद्रावर, सोमतळ नावाच्या वस्तीत. जमिनीखाली कोरलेल्या त्या वस्तीत साठेक माणसं राहत. चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतकंच भरतं. पण दवाखान्यातला काटा तो हिशेब आधीच करून पृथ्वीवरचा आकडा दाखवायचा. त्यात काही गफलत नव्हती. उदू खरोखरच रोडावत चालला होता.

“रक्त तपासलं, पोट तपासलं. आजार कुठलाच नाही,” डॉक्टर म्हणाले. “आता एकच शंका उरते. हे चंद्रावर जन्मलेलं पहिलं बाळ. इथलं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली जमिनीकडे ओढणारं बळ) फार कमी. कदाचित इथे बाळाचं शरीर नीट वाढतच नसेल.”

“मग काय करायचं?”

“पृथ्वीवर न्यावं लागेल. पुढचं यान येईल त्यातून. पण...” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. वैजूला तरी ऐकू आलंच. “यान सुटताना आणि उतरताना शरीर किती दाबलं जातं, तुम्हाला ठाऊक आहे. धडधाकट माणसाचा जीव घाबरा होतो. एवढ्या अशक्त बाळाला ते सोसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.”

 आईने उदूला अंगडं घातलं, बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

घरी आल्यावर उदू रडून रडून झोपी गेला. आई त्याच्याजवळच पडून राहिली. बाबा प्राणवायूच्या यंत्रघरात कामावर होते. स्वयंपाकघरात सुगरण एकटीच होती. सुगरण म्हणजे त्यांचं स्वयंपाकाचं यंत्र. दोन लांब हात, मधे गोल पडदा, आणि बोलणं अगदी मोजकं.

“बाळाची लापशी तयार आहे. वैजूची लापशी तयार आहे,” तिने दोन सारख्या वाट्या काठोकाठ भरून मेजावर ठेवल्या.

वैजूने आपल्या वाटीला हातही लावला नाही. तिच्या मनात एकच घोळत होतं. यान सुटतंय, आईच्या मांडीवर उदू आहे, आणि... पुढचा विचार तिला करवत नव्हता. वाटी तशीच सोडून ती आईच्या कुशीत जाऊन झोपली.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा दोन्ही वाट्या तिथेच होत्या, गरम हवेच्या झरोक्याखाली. सोमतळातली हवा मुळातच कोरडी. त्यात हा झरोका. दोन्ही वाट्यांतली लापशी वाळून खडखडीत झाली होती. वैजूने आपली वाटी उलटी करून ठोकली. भाकरीएवढा जाड ठोकळा बाहेर पडला. मग तिने उदूची वाटी उलटी केली. काहीच पडेना. तिने नखाने खरवडलं, तेव्हा तळाशी चिकटलेला पापडासारखा पातळ पापुद्रा निघाला.

वाट्या सारख्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या. मग उदूच्या वाटीतलं बाकीचं गेलं कुठे?

“सुगरण,” तिने विचारलं, “उदूच्या वाटीत ओट्स किती घालतेस?”

“दोन चमचे.”

“आणि माझ्या?”

“सहा चमचे. बाळाला घट्ट लापशीने ठसका लागला होता. तेव्हापासून चमच्यातून सहज ओघळेल इतकी पातळ करण्याची सूचना आहे. उरलेल्या जागी पाणी. वाटी रिकामी झाली की बाळाचं जेवण पूर्ण.”

 उदू वाटीभर पाणी पीत होता, आणि सगळे म्हणत होते, पोरगं छान जेवतंय!

पापुद्रा आणि ठोकळा ओंजळीत धरून ती पळत सुटली ती थेट शेतघरात. शेतघर म्हणजे दिव्यांच्या उजेडात पिकं वाढवायची मोठी खोली. तिथे कुमुदआजी असायच्या. त्या काही वैजूच्या सख्ख्या आजी नव्हेत. धान्यांचा अभ्यास करणाऱ्या त्या शास्त्रज्ञ. पण वस्तीत सगळ्यांत वडील, म्हणून वैजू त्यांना आजी म्हणायची.

कुमुदआजींनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन पाहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“वैजू, उदूचं वजन कधीपासून उतरायला लागलं गं?”

“पहिले सहा महिने तो छान गुटगुटीत होता. नुसतं आईचं दूध प्यायचा तेव्हा. मग लापशी सुरू झाली आणि...” वैजू थबकली. “आजी, तेव्हाही तो चंद्रावरच होता की!”

“तेच तर! चंद्रच दोषी असता, तर तो पहिल्या दिवसापासून दोषी असता.”

“मग आजपासून त्याला माझ्यासारखी घट्ट लापशी देऊ या.”

“गिळेल?”

वैजूने नकारार्थी मान हलवली. ठसका लागून लालबुंद झालेला उदू तिला आठवला.

“हाच खरा पेच आहे,” आजी म्हणाल्या. “बाळाचं पोट केवढं? जेमतेम एका वाटीएवढं. त्या वाटीत ऊर्जा दाटीवाटीने भरलेली हवी. याला ऊर्जाघनता म्हणतात (एका घासात किती ताकद मावते, ते). घट्ट लापशीची ऊर्जाघनता जास्त, पण ती त्याला गिळता येत नाही. पातळ गिळता येते, पण पोट पाण्यानेच भरतं. आता मला सांग, लापशी शिजवली की घट्ट का होते?”

“पाणी उडून जातं म्हणून?”

“थोडं उडतं. पण खरी गंमत वेगळीच आहे. धान्यात पिष्ट असतं (रोपाने पुढच्यासाठी साठवलेलं अन्न). पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक कणांच्या लांबच लांब साखळ्या. पाण्यात तापवल्या की त्या सुटतात, फुगतात, एकमेकींत गुंततात आणि पाणी धरून ठेवतात. कपड्यांना घालायची खळ अशीच होते. या साखळ्यांचे लहान लहान तुकडे केले, तर त्या गुंतणार नाहीत. लापशी पातळ होईल, आणि ताकद मात्र तेवढीच राहील. एक थेंबही पाणी न वाढवता!”

“पण एवढ्या बारीक साखळ्या तोडायच्या कशाने?”

आजींनी कपाटातून लालसर दाण्यांची बरणी काढली. “ही नाचणी. हा दाणा पेरला की कोंब येतो. कोंबाला पानं नाहीत, मुळं नाहीत. मग तो जेवतो काय?”

“दाण्यात साठवलेलं पिष्ट!”

“पण साखळ्या सबंध गिळता येत नाहीत त्यालाही. अगदी उदूसारखं. म्हणून मोड येताना दाणा स्वतःच एक विकर बनवतो (शरीरातली कामं झटपट उरकणारं प्रथिन). या विकराचं नाव अमायलेज. ही पिष्ट कापणारी कात्रीच समज. मोड आलेल्या नाचणीचं पीठ लापशीत घातलं, की ती कात्री तिथेही चालते.”

आजींनी पेरणीसाठी राखलेल्या नाचणीतून दोन मुठी काढून दिल्या.

डॉक्टर मुकादम आधी राजी होईनात. “लापशी पातळ होती, कबूल. ते माझ्याच नजरेतून सुटलं. पण कारण तेवढंच आहे, हे कशावरून?”

“करून बघितल्यावरून,” आजी म्हणाल्या. “यान येईपर्यंत वेळ आहे ना? तोवर रोज तुमच्या डोळ्यांदेखत वजन करू.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लगेच आणखी एक सांगितलं, की मोड येईपर्यंत लापशीत चमचाभर तूप घाला. तुपात थोडक्या जागेत पुष्कळ ऊर्जा असते. त्याने उदूचं वजन उतरायचं थांबलं, पण वाढेना. नुसत्या तुपावर बाळ वाढत नाही, त्याला धान्य हवं, डाळ हवी.

नाचणी भिजवली, ओल्या फडक्यात बांधली. वैजू येता-जाता पुरचुंडी सोडून बघायची. दाणे तसेच टणक. “आजी, मोड येणारच नाहीत का? चंद्रावर येत नसतील का?” आजी तिचा हात बाजूला करून फडकं पुन्हा बांधायच्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरही हसू नसायचं. आणि मग एका सकाळी फडक्यातून पांढरे इवले मोड डोकावले. ते मंद गरम हवेवर वाळवले, मोड चोळून टाकले, दाणे दळले. मूठभर पीठ झालं.

सगळे स्वयंपाकघरात जमले. सुगरणने सहा चमचे ओट्सची लापशी शिजवली. चमचा रोवला तर उभा राहील इतकी घट्ट. ती रटरटत असतानाच वैजूने चमचाभर पीठ घातलं आणि ढवळायला लागली. ढवळत राहिली. हात भरून आला. लापशी होती तशीच राहिली.

“लापशी घट्ट आहे. बाळासाठी योग्य नाही,” सुगरण म्हणाली.

आईने तोंड फिरवलं. वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाही झालं, आजी! आता?”

कुमुदआजींनी भांड्यावर हात धरला आणि चटकन मागे घेतला. “अगं, ही तर उकळतेय! चूक माझी, मी सांगायला हवं होतं. विकर म्हणजे प्रथिन. अंड्याचा पांढरा बलक पातळ असतो, उकळला की?”

“घट्ट होतो. मग परत पातळ होत नाही.”

“तशीच आपली कात्री उकळत्या लापशीत निकामी झाली. कढत नको, गारही नको. गरम हवी.”

दुसरं भांडं चढलं. लापशी शिजली. या वेळी वैजू थांबली. सुगरणच्या पडद्यावर तापमान हळूहळू उतरताना सगळे श्वास रोखून बघत होते. “आता,” आजी म्हणाल्या. वैजूने पीठ घातलं. ढवळलं. आधी काहीच नाही. मग चमचा जरासा सैल फिरला. मग आणखी सैल. भांड्यातला तो घट्ट गोळा तिच्या डोळ्यांदेखत विरघळत गेला आणि चमच्यातून धार लागली.

“पाणी घातलेलं नाही,” सुगरण म्हणाली. थोडं थांबून तिने पुन्हा सांगितलं, “पाणी घातलेलं नाही.”

“आता मात्र एक उकळी आण,” आजी म्हणाल्या. “कात्रीचं काम झालंय. मोड ओलाव्यात येतात, आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. ते मरायला हवेत.”

कोमट झाल्यावर आईने पहिला चमचा उदूच्या ओठांना लावला. कुणी हललं नाही. उदूने गिळला. ठसका नाही. दुसरा. तिसरा. अर्ध्याहून जास्त वाटी संपली आणि उदूने ओठ घट्ट मिटून मान फिरवली.

“खात नाहीये!” आई घाबरून म्हणाली.

डॉक्टर मुकादम पुढे झुकले. उदूचं पोट त्यांनी हलकेच चाचपलं. मग ते, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, हसले. “पोट भरलंय त्याचं. आधी वाटी संपत होती, ती तो उपाशी असल्यामुळे.”

काट्यावरचा आकडा लगेच उडी मारून वर गेला नाही. पहिल्या दिवशी तो तिथेच होता. दुसऱ्या दिवशीही. आई दवाखान्याच्या दाराशी पदराचं टोक पिळत उभी राही. मग आकडा किंचित सरकला. पुढच्या खेपेला आणखी. पीठ एकदा दळून ठेवलं की रोजची न्याहारी सुगरण चुटकीसरशी करायची. कधी त्यात शिजवून घोटलेली मूगडाळ, कधी शेंगदाण्याचं अगदी बारीक वाटण, कधी कुस्करलेलं केळं. आणि ‘वाटी रिकामी म्हणजे जेवण पूर्ण’ ही सूचना वैजूने स्वतः पुसून टाकली. त्याऐवजी सुगरण आता वाटीत किती ऊर्जा होती आणि बाळाने किती खाल्ली, ते सांगू लागली.

यान आलं आणि उदूला न घेताच परत गेलं.

“म्हणजे चंद्रावर बाळं वाढतात, हे ठरलं ना?” वैजूने विचारलं.

“एवढ्यात सगळं कसं ठरेल?” कुमुदआजी म्हणाल्या. “त्याची हाडं किती बळकट होतील, तो कसा चालेल, कुणालाच ठाऊक नाही. ही कोडी अजून सोडवायचीत. पुढच्या बाळांसाठी तुलाच सोडवावी लागतील.”

त्या बोलत होत्या तेवढ्यात मेजाखाली खुडबुड झाली. उदू मेजाचा पाय धरून उभा राहिला होता. डुलत होता. आई धावली, पण तिचा हात पोचायच्या आत त्याने दोन्ही पाय जोरात जमिनीवर हाणले, आणि तो हातभर उंच, अलगद, वर उडाला. चंद्रावर खाली यायलाही वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ तो हवेत खदखदून हसत होता.