सुरईतलं इंधन

“पळाली का गं एखादी?” ढोल्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“पळालं तुझं डोकं!” सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता त्याची बहीण भिंगरी खेकसली.

भिंगाखाली मावशीने बनवलेली यंत्रं होती. केसाहून कितीतरी बारीक गोळ्या, एका अंगाला प्लॅटिनमचा मुलामा! हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यांचं इंधन; त्यात सोडलं, की मुलामा ते फोडायचा आणि त्या धक्क्याने गोळी पळायची. ना बॅटरी, ना किल्ली! एक दिवस या गोळ्या रक्तातल्या गाठीपर्यंत औषध नेतील, हे मावशीचं स्वप्न. मावशी महिनाभर रजेवर गेली, त्याआधी त्या भिरभिरत होत्या. आज जागच्या जागी नुसत्या थरथरत होत्या.

“अकराला तपासणीच्या बाई येताहेत,” दारातून प्रयोगशाळेचे प्रमुख इस्त्रीसाहेब म्हणाले. “तोवर हे पळालं नाही, तर तुमचं काम बंद!”

साहेबांच्या शर्टावर एक सुरकुती नव्हती. मेंदूवरही नसावी, असं भिंगरीचं मत होतं.

मावशी म्हणाली, “सहा वर्षं घातली गं मी यात.”

भिंगरीने शिपाईकाकांना गाठलं. “काका, पेरॉक्साइड कुठून भरता?”

काकांनी साहेबांच्या खिडकीकडे बोट केलं. भर उन्हात एक नक्षीदार काचेची सुरई झगमगत होती! “तपकिरी बाटली कळकट दिसते म्हणाले. महिना झाला, यात ओतून ठेवलंय.”

“अरे देवा! म्हणून तर औषधवाल्याकडेही ते तपकिरी बाटलीत असतं! उजेडात नासतं ते! ढोल्या, कँटीनमधून बटाटा आण!”

“उकडलेला?”

“कच्चा, खादाडा! पेरॉक्साइड चांगलं असेल, तर त्यावर फेस येतो!”

मावशीने हातमोजे घालून बटाट्याच्या एका फोडीवर सुरईतला थेंब टाकला. ढिम्म! दुसऱ्या फोडीवर तपकिरी बाटलीच्या तळाशी उरलेला थेंब टाकला. फस्स! फेसच फेस!

“पाणी झालंय याचं!” मावशी ओरडली.

अकराला तपकिरी बाटलीतल्या उरल्यासुरल्या थेंबांत गोळ्या पडद्यावर सुसाट सुटल्या होत्या. तपासणीच्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“मी जातीने लक्ष घालतो ना,” साहेब घसा साफ करत म्हणाले.

“हो, यांनीच लक्ष घातलं होतं,” मावशी शांतपणे म्हणाली आणि तिने दोन्ही फोडी पुढे ठेवल्या. मग सगळं सांगितलं.

बाई खो खो हसल्या. “काम चालू राहील. आणि पोरी, जे साहेबांना महिनाभरात दिसलं नाही, ते तू तासाभरात पाहिलंस. शाब्बास!”

भिंगरीने उरलेला बटाटा साहेबांच्या हातात ठेवला.

“हा सुरईत ठेवा साहेब. तुमच्या खिडकीत शोभून दिसेल!”