नळी हलवली कुणी?

भिंगरीची नेहमीची जोडीदार आजारी, म्हणून बाईंनी तिला प्रयोगशाळेत नेमकं मोजपट्टीशेजारी बसवलं. मोजपट्टी म्हणजे वर्गातला तो मुलगा… थेंबसुद्धा मोजून टाकणारा!

बूच लावलेल्या नळीत यीस्ट, साखरेचं पाणी आणि निळा रंग.

"साखर फोडताना यीस्टला इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारावेच लागतात," तो म्हणाला. "हवा असली की ऑक्सिजन घेतो. हवा संपली की हा रंग घेतो, आणि निळेपणा जातो."

"रंगही नसला तर?"

"मग साखरेच्याच तुकड्याच्या गळ्यात. त्याचं होतं अल्कोहोल."

"अगं बाई! श्वास कोंडला की यीस्ट पितं?"

"पीत नाही गं, बनवतं!" तो हसला. गालावर खळी… एकाच! भिंगरीचे कान तापले.

सातव्या मिनिटाला निळा रंग गेला. वेळ वहीत लिहून तो गरम पाणी आणायला गेला. भिंगरीचे हात कधी स्वस्थ बसलेत? गुणगुणत तिने बुचावर अंगठा दाबून नळी खळाखळा हलवली. आत हवा मिसळली आणि निळा रंग पुन्हा हजर!

तेवढ्यात बाई आल्या, मागोमाग तोही. बाईंनी त्याची वही उचलली.

"वहीत रंग गेला, नळीत तर निळंशार! आकडे मनाने लिहिलेस? विज्ञान प्रदर्शनातून तुझं नाव कट."

त्याने नळीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. प्रत्येक तासाला चुरूचुरू बोलणारी ती… बुटांकडे बघत राहिली. तोही गप्प.

घरी ती ताटातला भात चिवडत बसली. "आज आमचा रेडिओ बंद?" आईने विचारलं. भिंगरीला रडूच फुटलं. आपली चूक आपण खुशाल त्याच्या गळ्यात मारली होती!

सकाळी ती धावतच बाईंकडे गेली. कालची नळी रात्रभर राहून पुन्हा रंगहीन झाली होती. तिने ती सगळ्यांदेखत हलवली. निळी!

"बाई, काल मीच हलवली. त्याचे आकडे खरे आहेत. मी… घाबरून गप्प बसले."

त्याचं नाव परत लागलं. तिच्या वाट्याला आल्या धुवायच्या चाळीस नळ्या. बाराव्या नळीला तो शेजारी येऊन उभा राहिला.

"तुला कळलं होतं?" तिने मान वर केली नाही.

"तुझ्या अंगठ्याला निळं लागलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. एकोणीस तास, वीस मिनिटं."

"शी! मला इतकी लाज वाटतेय ना…" तिने ओला अंगठा मुठीत लपवला. "आणि… आणखी एक गोष्ट काल लपवली. तुझ्याबद्दलची."

मोजपट्टीने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं.

"सांग. सावकाश."