मानेवरचं तिसरं टोक

ठेव विश्वास! हिंमत असेल तर यातल्या एका शब्दावर तरी ठेवून दाखव. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फुकुनो म्हातारी थापा मारते. परवाच त्या टोफूवाल्याला म्हटलं, तुझ्या बायकोला जुळं होणार, तर येडा दोन-दोन झबली घेऊन आला. तेव्हा जपून ऐक, किनू. आणि हसू नकोस. तोंडावर रंग बसलाय, भेगा पडतील.

मान खाली घाल. अशी. किमोनोची कॉलर अजून ओढ मागे, लाजतेस काय? आज पहिल्यांदा माइको होऊन, गेइशा व्हायची पहिली पायरी चढून, दाराबाहेर पडणार तू. लोक आधी मानगूट बघतात, मग तोंड. तोंड काय, आरसा धरला की कुणीही रंगवतं. मानगूट आपली आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्याच्याच हाती द्यावी लागते.

मी तांगोच्या किनाऱ्यावरून आले तेव्हा पंधराची. अंगाला बांगड्याचा वास. या घरात माझ्याआधी एकच पोर होती, इतोहा. वर्षानेच मोठी, पण आधी आलेली, म्हणून मी तिला ताई म्हणायची. तिचं माइकोचं पहिलंच वर्ष. खालच्याच ओठाला लाली लावायची, नव्या पोरीला वरचा ओठ रंगवायची परवानगी नसते. काय दिसायची! भाजलेलं रताळं खायची ना, तर एवढे एवढे तुकडे करून, ओठांना न लावता आत टाकायची. अर्धं मला. कामो नदीच्या कडेला उभं राहून आम्ही खायचो, तिच्या लांब बाहीत माझे गारठलेले हात कोंबून.

आणि खोड्या! तिचा खोपा मेणाने बसवलेला, आठवडाभर मोडायचा नाही. झोपायचं लाकडी उंच उशीवर, मान टेकवून. घरमालकीणबाई, तिलाच आम्ही आई म्हणायचो, उशीभोवती कोंडा पसरायची. झोपेत डोकं घसरलं की कोंडा मेणाला चिकटणार, सकाळी चोरी पकडली जाणार. तर मी काय करायची, पहाटे उठून मूठभर कोंडा हळूच तिच्या केसात! ती शपथा घ्यायची, "घसरले नाही हो आई, खरंच नाही!" मी पांघरुणात तोंड दाबून हसायची.

मग तिचा डाव. एकदा म्हणाली, "ये, तुझ्या मानेवर सराव करते." केला. मग मला टोफू आणायला पिटाळलं. मी आपली ऐटीत चाललेय, अन् मागून गल्ली हसतेय. तेव्हाचा टोफूवाला म्हणाला, "काय गं, आज बांगडा ताजा आहे का?" माझ्या मानगुटीवर तिने मासोळी सोडली होती! शेपटीसकट!

असं एकदा तिने, एकदा मी. शेवटचा कोंडा मी टाकला. फेब्रुवारीत. त्या दिवशी आई तिला फार बोलली. ती नुसती खोकली. आठवड्याने तिला गावी नेलं, महिना संपायच्या आत ती गेली. मी कबूलही केलं नव्हतं. तिचा डाव राहिला.

डिसेंबरात माझा दिवस उगवला. तुझा आज आहे तसाच. आईने आधीच सांगून ठेवलेलं, "फुकुनो, दोन वर्षं तुला शिकवली. आज गल्लीत हसं झालं, तर संध्याकाळच्या गाडीने गावी. बांगडे साफ कर जन्मभर." तिचं खरंही होतं. रोजच्या दिवशी मानगूट पांढरी रंगवताना केसांपाशी उघड्या कातडीची दोन टोकं सोडतात. मोठ्या दिवशी तीन. तीनच्या जागी दोन दिसली, तर घराचं नाक कापलं. मासोळी दिसली तर... जाऊ दे.

सकाळपासून बर्फ. रंगवणारे तोकुजिरो-काका पुलापलीकडे अडकले. आई त्यांना आणायला छत्री घेऊन धावली. मी एकटी आरशापुढे, खांदे उघडे, तोंड पांढरं, मान कोरी. बर्फ पडताना घर कसं बहिरं होतं, माहितेय ना? आणि मला वास आला. केसांच्या मेणाचा, गोडूस.

मागे रेशीम सळसळलं. कुणीतरी चटईवर गुडघे टेकले.

"काका?" मी विचारलं.

गार ब्रश मानेला लागला... गार म्हणजे विहिरीतल्यासारखा. मी आरशात पाहिलं. माझ्या खांद्यामागे केसातल्या चांदीच्या काट्याची लोंबती फुलं हलत होती. आलुबुखाऱ्याच्या फुलांची. अगं, डिसेंबरात! प्रत्येक महिन्याचं फूल ठरलेलं, फेब्रुवारीचं फूल डिसेंबरात घालायची चूक आमच्यात आंधळीही करणार नाही. त्याखाली तोंड. खालचाच ओठ लाल.

पांढरी रेघ वर चढली. एक. आणि ब्रश थांबला...

एका रेघेने उघड्या कातडीची दोनच टोकं होतात. दुसरी रेघ ओढली तर तीन. नाहीतर तिच्या मनात असेल ते.

"ताई," मी कुजबुजले, "कोंडा मीच टाकायची... दर वेळी मीच. तुझा डाव बाकी आहे, ठाऊक आहे मला. पण आज नको गं... आज मला घालवून देतील."

श्वाससुद्धा नाही, गं. नुसती फुलांची किणकिण... मग दुसरी रेघ. हळू. खालून वर, केसांपर्यंत.

दार सरकलं. आई आत आली, मागून बर्फ झटकत काका. माझ्यामागे कुणी नव्हतं.

"हे कुणी केलं?" आईने विचारलं.

"मी... माझं मीच."

"घुबड आहेस का मान फिरवायला?"

काकांनी ब्रश पिशवीतून काढलाच नाही. वाकून बघत राहिले. "बाई, हा हात डावखुरा आहे."

डावखुरी या घरात एकच होती. आईच्या हातून छत्री गळली. मग तिने ती उचलली, नीट मिटली आणि म्हणाली, "चला. लोक थांबलेत."

मी बाहेर पडले. कुणी हसलं नाही. टोफूवाल्याने तर टोपी काढली. सगळी टाळ्या वाजवत होती, आणि मला इतकं रडू येत होतं की विचारू नकोस. रडताही येईना, रंग होता.

झालं तुझं. हे घे, दोन्ही आरसे धर आणि बघ. तीन टोकं, सुईसारखी. आहेत ना सरळ? आता माझा हात बघ. बघ, कसा लटलटतो. दोन वर्षं झाली, चहाचा वाडगाही धरवत नाही. तरी पहिल्या दिवशीची प्रत्येक पोर इथेच धाडतात. मी नुसता ब्रश मागे धरते... कुणीतरी घेतं.

थापच असेल, म्हण. जा आता, जा. आणि वळून बघू नकोस, मानेचा रंग अजून ओला आहे.