टिटवी कुणावर ओरडत होती?

त्या एवढ्याशा पिल्लाने टिटवीचं काय घोडं मारलं होतं, शाल्मलीला कळेना. ते बिचारं खडीत निपचित बसलेलं, आणि टिटवी हात धुऊन मागे लागलेली. घिरट्या काय घालत होती, अंगावर काय येत होती, ओरडून नुसता उच्छाद मांडला होता! शाल्मली पिल्लावर ओणवी झाली.

सूर्यवीज केंद्राच्या त्या अफाट माळावर मूल असं ती एकटीच. शाळा पडद्यावर, मैत्रिणीही पडद्यावर, बाबा दिवसभर यंत्रांत. पिल्लासाठी तिने बुटांच्या खोक्यात रुमाल अंथरला होता, नावही ठरवलं होतं, खडीसाखर. आता बोलायला हक्काचं कुणीतरी मिळणार होतं.

"उचलू नकोस," मागून आवाज आला. सौरपट्ट्या (उन्हापासून वीज तयार करणारे तक्ते) पुसणारा यंत्रमानव होता तो. केंद्रात त्याला फडकेराव म्हणत.

"अरे, ती मारेल ना त्याला!"

"ती त्याची आई आहे. ओरडते आहे ती तुझ्यावर."

"काहीतरीच! आई असती तर जवळ आली असती, भरवलं असतं."

"टिटवी पिल्लांना भरवत नाही. ती अंड्यातून उघड्या डोळ्यांनीच येतात, लगेच पळायला लागतात, किडे स्वतः टिपतात. आई राखण करते, ऊब आणि सावली देते. धोका दिसला की ओरडते. ते ऐकून पिल्लू हालचाल थांबवतं. रंग खडीचाच, त्यामुळे दिसत नाही. याला छद्मावरण (आजूबाजूच्या रंगात लपून जाणं) म्हणतात."

"म्हणजे मी इथे आहे तोवर…"

"ते असंच उपाशी, उन्हात तापत बसेल."

"पण त्याला लागलं असेल तर?" शाल्मलीने विचारलं.

"रक्त किंवा लोंबता पंख दिसला तर भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं, खाऊपिऊ काही घालायचं नाही आणि वनखात्याला कळवायचं. झाडावरून पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं, तर अलगद उचलून घरट्यात ठेवायचं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. हे मात्र धडधाकट आहे. लांब जाऊन बघ."

जड पावलांनी शाल्मली सौरपट्ट्यांच्या दूरच्या ओळीआड गेली. टिटवी गप्प झाली, खाली उतरली. पिल्लू टुणकन उठून तिच्या पोटाखाली शिरलं. त्याने एकदा तरी वळून बघावं, असं शाल्मलीला फार वाटलं. त्याने बघितलं नाही, आणि तिला रडूच आलं.

तेवढ्यात खडीतले आणखी दोन 'दगड' उठून पळाले. त्यातला एक तर ती मघाशी उभी होती, तिथून हातभरच दूर होता! एक पाऊल चुकलं असतं, तर तो तिच्या पायाखालीच आला असता.

"महिना-सव्वा महिन्यात उडतील," तिच्या मागोमाग आलेला फडकेराव म्हणाला. "जागा सुरक्षित वाटली, तर टिटवी पुढच्या वर्षीही इथेच अंडी घालेल."

शाल्मलीने डोळे पुसले. "मग तोवर तूही पिल्लांच्या ओळीत जायचं नाहीस."

"धूळ साचेल. वीज कमी होईल."

"होऊ दे. बाबांना मी सांगते."

फडकेराव दुसऱ्या ओळीकडे वळला. शाल्मली तिथेच, 'खडीसाखर' अशी हाक न मारता, संध्याकाळपर्यंत लांबून बघत बसली.